पाच पिना आणि एकसारखे आकडे

तुझ्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचे सगळे आकडे मी निवांत बसून पाहिले गं. ६ मिलिमीटर जाडीची ६०६१-टी६ अॅल्युमिनियमची प्लेट, पाच आकारांच्या पिना, पिनच्या वरचा प्लेटवर दाबणारा रुंद शोल्डर तोच, आरपीएम आणि फीडही तेच. चौकोनी, त्रिकोणी, निमुळती आणि आट्यांची, या चारही पिनांची टेन्साइल ताकद जवळजवळ सारखी आली. साधी गोल पिन तेवढी खाली घसरली. त्यात त्रिकोणी पिन मुळाशी मोडली म्हणून ती दुसरी करून घ्यावी लागली. आणि एवढ्यावरून तू ठरवून मोकळी झालीस की आकाराने काही फरकच पडत नाही आणि वर्ष वाया गेलं.

काहीही वाया गेलेलं नाही. आधी जेवून घे, मग हे वाच. रात्री दोन वाजता उपाशीपोटी ग्राफ बघू नये, कुठलाच ग्राफ बरा दिसत नाही.

खरं सांगू का, ताकद मोजलीस हे बरोबरच केलंस, पण आकाराने जे काम केलं ते टेन्साइलच्या आकड्यात दिसतच नाही. असं का, ते आधी समजून घे, म्हणजे निम्मी काळजी तिथेच जाईल.

६०६१-टी६ ची ताकद येते उष्णोपचारामधून. मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिशय बारीक कण धातूभर पसरलेले असतात आणि तेच त्याला कडक ठेवतात. आपण वेल्ड करताना धातू वितळवत नाही हे खरं. हा मिश्रधातू साधारण ५८० अंशांच्या पुढे वितळायला लागतो आणि आपलं टूल ४०० ते ५०० अंशांच्या आसपास काम करतं. पण तेवढी उष्णता या कणांना पुरते. काही विरघळतात, काही फुगून मोठे होतात आणि निरुपयोगी ठरतात. मग वेल्डच्या दोन्ही बाजूंना एक मऊ पट्टा तयार होतो. मूळ प्लेटचा कडकपणा १०५ व्हिकर्सच्या आसपास असेल, तर या पट्ट्यात तो ६०-७० पर्यंत उतरतो. टेन्साइलचा तुकडा ओढला की तो सगळ्यात मऊ जागी तुटणार, दुसरीकडे कशाला तुटेल?

आता तो मऊ पट्टा कोण करतं, बघ. डेन्मार्कच्या श्मिट, हॅटेल आणि वर्ट यांनी २००४ मध्ये उष्णतेचा हिशेब मांडला. १८ मिलिमीटरचा शोल्डर आणि ६ मिलिमीटरची पिन धरली, तर ८६ टक्के उष्णता शोल्डरमधून येते, ११ टक्के पिनच्या बाजूंमधून आणि ३ टक्के तिच्या टोकातून. तू पाचही टूलना शोल्डर एकच ठेवलास. म्हणजे उष्णता जवळपास तीच, मऊ पट्टा तोच आणि तुटण्याची ताकदही तीच. तुझे चार आकडे सारखे आले नसते तरच मला शंका आली असती.

तुटलेले तुकडे फेकले नाहीस ना? काढ बाहेर. चारही टूलचे तुकडे वेल्डच्या मधोमध न तुटता थोडे बाजूला, त्या मऊ पट्ट्यात तुटलेले दिसतील. गोल पिनचा तुकडा मात्र बहुतेक वेल्डमध्येच तुटला असेल, आणि तुटलेल्या तोंडावर खालच्या बाजूला एक पोकळी असेल. तो टनेल. तुझ्या प्रोजेक्टचं उत्तर त्या पोकळीत आहे गं. जॉइंट सलग होतो की नाही, हे आकार ठरवतो. एकदा सलग झाला की किती ताकद उरली ते उष्णता ठरवते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू दोन्ही एकाच ग्राफमध्ये शोधत बसलीस.

पिन नेमकं करते काय, ते सांगते. ताकात गुळगुळीत दांडा फिरवला तर तो जागच्या जागी फिरत राहतो, म्हणून तर रवीला पाकळ्या असतात. साध्या गोल पिनचं तसंच आहे. ती आपल्याभोवतीचा पातळ थर घासत नेते, पण धातूला ढकलत नाही. पिन पुढे सरकली की तिच्या मागे जागा रिकामी होते, आणि ती भरायला पुढचा धातू रिट्रीटिंग बाजूने, म्हणजे जिथे टूलचं फिरणं पुढे सरकण्याच्या उलट असतं तिथून, वळसा घालून मागे यावा लागतो. वळसा संपतो अॅडव्हान्सिंग बाजूला, म्हणून भराव कमी पडला तर तो तिथेच कमी पडतो. वरचा भाग शोल्डर दाबून भरून काढतो. खाली शोल्डरचा हात पोचत नाही. म्हणून टनेल जवळजवळ नेहमी अॅडव्हान्सिंग बाजूला, प्लेटच्या खालच्या अर्ध्यात सापडतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कुमार आणि कैलास यांनी २००८ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. पिनने हलवलेला धातू आणि शोल्डरने हलवलेला धातू हे दोन वेगळे प्रवाह आहेत, आणि ते एकमेकांना मिळाले तरच वेल्ड निर्दोष होतो. तो पेपर नुसता डाउनलोड करून ठेवू नकोस, वाच.

चौकोनी पिनला सपाट बाजू आहेत. त्या धातूला ढकलतात. १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २० फेरे, चार बाजू, म्हणजे सेकंदाला ८० धक्के. त्रिकोणीचे ६०. गोल पिनचा एकही नाही. शिवाय फिरताना कोपरे जेवढं वर्तुळ व्यापतात ते पिनच्या स्वतःच्या आकारमानापेक्षा मोठं असतं. चौकोनी पिनला ते १.५७ पट येतं, त्रिकोणीला २.४२ पट, आणि गोलला अर्थातच १. मागे जाण्यासाठी धातूला तेवढी जास्त वाट मिळते.

अण्णामलाई विद्यापीठातल्या इलंगोवन आणि बालसुब्रमण्यम यांचं काम तुझ्या गाईडनी तुला पहिल्याच दिवशी दिलं असणार. ६०६१ वर पाच पिना, प्रत्येकीला १५, १८ आणि २१ मिलिमीटरचे शोल्डर, असे १५ जॉइंट. त्यात १८ च्या शोल्डरची चौकोनी पिन सरस ठरली. तेव्हापासून आपल्याकडे कुठल्याही कॉलेजात विचार, चौकोनी पिन सर्वांत चांगली असंच उत्तर येतं. माझं याबद्दल स्पष्ट मत आहे. त्यांचं काम चांगलंच आहे, पण ते त्या जाडीचं, त्या मिश्रधातूचं आणि त्या वेगांचं उत्तर आहे. तुझी चौकोनी पिन बाकी तिघींच्या बरोबरीत आली म्हणून तू चुकलीस असं होत नाही. तुझ्या वेगांना त्या तिघींनीही जॉइंट सलग केला, एवढाच त्याचा अर्थ.

शोल्डर बदलला की किती फरक पडतो, तेही एकदा कागदावर करून बघ. घर्षणाची उष्णता त्रिज्येच्या घनाने वाढते. १८ चा शोल्डर २१ केलास तर उष्णता साधारण १.६ पट. पिन वरपासून खालपर्यंत बदलूनसुद्धा एवढा फरक पडत नाही. व्हायव्हात कुणीतरी विचारणारच की शोल्डर का बदलला नाही. तेव्हा घाबरू नकोस, फक्त पिनचं काम वेगळं काढायचं होतं म्हणून तो मुद्दाम एकच ठेवला, असं शांतपणे सांग. ते खरंही आहे.

आता मोडलेल्या त्रिकोणी पिनकडे येऊ, तिने तुला फार रडवलंय. वर्कशॉपच्या काकांना तू काय ड्रॉइंग दिलंस ते मी पाहिलं. तिन्ही कोपरे ६ मिलिमीटरच्या वर्तुळावर. हे योग्यच आहे, म्हणजे फिरताना सगळ्या पिना सारखंच वर्तुळ व्यापतात. पण त्यात उरतं काय, बघ. गोल पिनचा छेद २८.३ चौरस मिलिमीटर. त्याच वर्तुळातल्या चौकोनाची बाजू ४.२४ आणि छेद १८. त्रिकोणाची बाजू ५.२ आणि छेद फक्त ११.७. गोलच्या निम्म्याहूनही कमी पोलाद, आणि त्यावर पुढे सरकण्याचा सगळा जोर. त्यात पिन आणि शोल्डर जिथे मिळतात तिथे तुझ्या ड्रॉइंगमध्ये काटकोन आहे. तिथूनच तडा सुरू होतो. दुसरी पिन करताना मुळाशी अर्धा मिलिमीटरची गोलाई दिली असेल तर छान, नसेल तर पुढच्या वेळी आधी तेच सांग. एच-१३ पोलाद यंत्रावर घडवून झाल्यावर कडक करायचं, ५० ते ५५ रॉकवेलपर्यंत. त्याहून कडक करण्याचा मोह नको, ठिसूळ होईल. आणि टूल प्लेटमध्ये उतरलं की लगेच फीड लावू नकोस, २०-३० सेकंद जागीच फिरू दे. थंड धातूत बारीक पिन ढकलली की ती मोडतेच, त्यात तुझा काही दोष नाही.

थिसिसमध्ये एक वाक्य मात्र ठळक लिही, की तुलना समान वर्तुळावर केली आहे, समान छेदावर नाही. समान छेदाचा चौकोन घ्यायचा तर त्याची बाजू ५.३२ येते आणि कोपरे ७.५ मिलिमीटरच्या वर्तुळावर जातात, म्हणजे प्रयोगच वेगळा झाला. कितीतरी पेपरमध्ये यातलं काहीच सांगितलेलं नसतं आणि वाचणाऱ्याला कळत नाही की फरक आकाराचा की मापाचा. तू सांगितलंस की तुझं काम त्यांच्यापेक्षा पक्कं.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. पिन प्लेटमध्ये शिरते तेव्हा तिच्या आकारमानाएवढा धातू वर येतो. ५.७ लांबीच्या गोल पिनने साधारण १६० घन मिलिमीटर, त्रिकोणीने जेमतेम ६७. शोल्डर खालून किंचित खोलगट असतो तो हाच धातू सामावून घेऊन दाबून ठेवायला. त्रिकोणी पिनला तो खळगा नीट भरत नाही, दाब कमी बसतो. आपलं मशीन मिलिंगचं, ते खोली सांभाळतं, जोर सांभाळत नाही. म्हणून त्रिकोणी पिनला शोल्डर एखादा दशांश जास्त खाली न्यावा लागू शकतो. वेल्डच्या वर खरखरीत, न घासलेला भाग दिसला की समज, शोल्डर टेकलेलाच नाही. उलट दोन्ही कडांना फ्लॅशचे पापुद्रे निघाले तर जास्त खाली गेलाय. हे डोळ्यांनी कळतं, त्यासाठी सेन्सर नको.

कलता कोन किती ठेवलायस, २ अंश ना? मग शोल्डरची मागची कड मध्यापेक्षा ०.३ मिलिमीटर खाली जाते, ३ अंश केलेस तर जवळपास ०.४७. पिनची लांबी आणि खोली ठरवताना हे धरलं नाहीस तर एक तर पिन बॅकिंग प्लेटला लागते, नाहीतर खाली न जुळलेली रेष राहते. ही रेष टेन्साइलमध्ये लपून जाऊ शकते. वाकवण्याच्या चाचणीत तळ बाहेरच्या बाजूला ठेवून वाकव, असेल तर लगेच उघडेल. आणि प्लेटवर ६ लिहिलंय म्हणून ती ६ आहे असं धरू नकोस, मायक्रोमीटरने तीन-चार जागी मोज.

आट्यांच्या पिनेबद्दल एकच बघ. वरून पाहताना टूल घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर आटे डावे हवेत, म्हणजे धातू खाली ढकलला जातो. उजवे आटे असतील तर तो वर उपसला जाईल आणि खाली पोकळी राहील. लेथवर काही सांगितलं नाही तर उजवेच आटे निघतात. तुझी पिन चांगली चालली म्हणजे आटे डावेच असणार, तरी एकदा हातात घेऊन खात्री कर आणि थिसिसमध्ये लिही. त्या आट्यांत अॅल्युमिनियम भरून बसलं असेल तर कोरत बसू नकोस. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेव, अॅल्युमिनियम विरघळतं, पोलादाला काही होत नाही. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्या जागेत, गॉगल लावून, आणि झाकण घट्ट न लावता.

तू मागे व्होर्ल आणि एमएक्स ट्रायफ्लूटबद्दल विचारलं होतंस, ते करायला हवे होते का म्हणून. नको गं. इंग्लंडच्या ज्या टीडब्ल्यूआयमध्ये १९९१ मध्ये वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत शोधली, त्यांनीच पुढे जाड प्लेटांसाठी या पिना केल्या. गोल पिन जेवढा धातू बाजूला सारते त्यापेक्षा व्होर्ल ६० टक्के आणि ट्रायफ्लूट ७० टक्के कमी सारतात. २५ मिलिमीटरच्या प्लेटला त्याचं मोल आहे. तुझ्या ६ मिलिमीटरला तो खर्च आणि ते मशीनिंग कशाला हवंय?

मग आता करायचं काय? प्लेटा उरल्यात असं म्हणालीस. त्यांवर पुन्हा टेन्साइलचे तुकडे पाडू नकोस. आरपीएम तेच ठेव आणि फीड वाढवत ने, मिनिटाला ६० मिलिमीटर, मग ९०, १२०, १५०. प्रत्येक पिनने कुठल्या फीडला टनेल सोडायला सुरुवात केली एवढंच शोध. ६० ला चौघी सारख्या दिसल्या तरी १५० ला सारख्या राहतीलच असं नाही. फीड वाढलं की उष्णता कमी मिळते, धातू घट्ट राहतो, आणि कोण त्याला मागे नेऊ शकतं ते उघडं पडतं. तुझा आकारांमधला फरक दिसला तर तिथे दिसेल. चौघी शेवटपर्यंत सारख्या राहिल्या तरी तो निकालच आहे, तसाच लिहायचा. त्रिकोणी पिन १२० च्या पुढे नेऊ नकोस, पुन्हा मोडली तर तुला दुसरी करायला वेळ नाही.

यासाठी लागतात फक्त छेद. वेल्डला आडवा तुकडा वायर-कटने काप, पॉलिश पेपरवर घास, मग कापडावर चकाकी आण. टनेल बहुतेक नुसत्या डोळ्यांनाच दिसेल. घुसळलेला भाग आणि त्याची सीमा बघायची तर केलर्स एचंट लागेल, आणि इथे मी जरा दटावणारच आहे. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ९५ मिलिलिटर पाण्यात २.५ नायट्रिक, १.५ हायड्रोक्लोरिक आणि १ हायड्रोफ्लोरिक, म्हणजे थोडंसंच वाटतं, पण हे आम्ल कातडीतून आत जातं आणि पातळ असेल तर दुखायला उशिरा लागतं. फ्यूम हूडखाली, नायट्रिल हातमोजे आणि गॉगल घालून, प्लॅस्टिकच्या भांड्यात, आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लॅबमध्ये आहे का ते आधी विचार. नसेल तर मागव आणि येईपर्यंत थांब. ओढणी नको, एकटीने नको, आणि संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर तर नकोच. ६०६१ लवकर रंग दाखवत नाही, म्हणून घाईने प्रमाण वाढवू नकोस, थोडा जास्त वेळ ठेव.

कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर अॅडव्हान्सिंग बाजू कोणती ते पंचने खूण करून ठेव, मार्करने नाही, मार्कर पॉलिशिंगमध्ये पुसला जातो. सर्वांत आधी गोल पिनचा छेद काढ. टनेल कुठल्या बाजूला आहे, तळापासून किती वर आहे आणि किती रुंद आहे, ही तीन मापं आणि फोटो मला पाठव. पुढच्या प्लेटांचे फीड आपण त्यावरून दोघी मिळून ठरवू.